दोन हातांचा एकहात्या

ती. काकांना,

तुमच्या पुतणीचा वाकून नमस्कार, आणि काकूलाही. तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात की डॉक्टरांनी जिने चढायला सक्त मनाई केली आहे, आणि हे तुम्ही आमच्या तिसऱ्या मजल्याच्या दारात धापा टाकत सांगत होतात, म्हणून मुद्दाम विचारते. काकूने मीठ सोडलं आहे की अजून फक्त सोडल्याचं सांगते आहे? आम्ही इकडे मजेत आहोत. पत्र पाहून दचकू नका. हातात फोन असताना ही पोरगी पत्र का लिहिते आहे, काही भलतंसलतं तर नाही ना, असं तुमच्या मनात येणार हे मला ठाऊक आहे. कारण एवढंच की मी फोन उचलला की बाबा पेपर बाजूला ठेवून शेजारी येऊन बसतात आणि मला जे सांगायचं आहे ते त्यांच्या कानावर पडून चालणार नाही. त्यांची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम आहे, की तिच्याचसाठी हा सगळा खटाटोप.

आई गेल्यापासूनचे बाबा तुम्ही पाहिलेच आहेत. ज्या माणसाने सगळी नोकरी बस डेपोत ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्यूट्या लावण्यात काढली, ज्याने हाक मारली की आवाराच्या पलीकडच्या टोकाला उभी असलेली गाडी आपणहून सुरू व्हायची (हे त्यांचंच म्हणणं, मी फक्त पोहोचवते आहे), तो माणूस दिवसाकाठी "हो", "नको" आणि "ठेव तिथे" एवढ्यावर आला होता. मी माझ्या परीने सगळे उपाय करून पाहिले. ज्येष्ठांच्या क्लबात नाव घातलं. तिथे ते एकदा गेले आणि सगळे म्हातारे आहेत असं सांगून परत आले. कुंड्या आणल्या, त्यांनी त्या उंचीप्रमाणे ओळीने लावल्या आणि पाणी घालायला विसरले. बुद्धिबळाचा पट आणला, तर दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळले आणि डाव बरोबरीत सोडवला. शेवटी मी नाद सोडला. माणसाला दुःख करायला थोडी जागा द्यावी, असं सगळे म्हणतात; पण आमच्या दोन खोल्यांत ती जागा इतकी वाढली होती, की मला घरात पाय ठेवताना अंग चोरावं लागत होतं.

आता मूळ विषय. तुम्हाला 'वाऱ्याचा बुरुज' आठवत असेल. मी कॉलेजात असताना तुम्ही सुट्टीत आमच्याकडे राहायला होतात आणि "हे काय कार्टून बघतेस," असं म्हणत म्हणत अख्खी मालिका माझ्या शेजारी बसून पाहिलीत. जपानी नावं तुमच्या तोंडात तेव्हाही बसत नव्हती, म्हणून मी आपली घरगुती नावंच वापरते. जगाच्या टोकाला दरीच्या काठावर बुरुज, दरीतून वर येणारी ती धुराची जनावरं, आणि बुरुजावर पहारा देणारा तुसडा म्हातारा कप्तान, ज्याला एकच हात आहे, म्हणून आपला 'एकहात्या'. बुरुजावर कुणी शिट्टी वाजवलेली त्याला खपत नाही. का खपत नाही ते शेवटाकडे कळतं: तरुणपणी त्याचा एक जिवलग जोडीदार होता, सतत शिट्टी वाजवणारा, आणि ज्या दिवशी हात गेला त्याच दिवशी तोही गेला. कसा, ते दाखवलं नाही. खुंटीवर एकटीच लटकलेली शिट्टी तेवढी दिसली आणि मालिका संपली. त्या रात्री तुम्ही डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगून गॅलरीत गेला होतात. तेव्हा माझ्या आवडीला नावं ठेवायचा हक्क तुम्ही गमावून बसला आहात, हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचा.

तर इतक्या वर्षांनी, कुणी मागितलं नसताना, आधीच्या काळातली नवी मालिका येणार अशी बातमी आली. नाव 'वाऱ्याचा बुरुज : पायाभरणी'. एकहात्याचं तरुणपण. आमचं एक छोटं मंडळ आहे, त्याची तुम्हाला ओळख करून देते, कारण यापुढे त्यांच्याशिवाय पान हलणार नाही. एक दातांची डॉक्टर. मूळ मालिकेवर तिचं इतकं प्रेम, की दवाखान्यात भिंतीवर बुरुजाचं पोस्टर आहे आणि दाढ काढताना पेशंटला तिकडेच बघायला सांगते. एक लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. याच्या फोनची रिंगटोन त्या मालिकेचं शीर्षकगीत आहे आणि लिफ्टच्या खड्ड्यात ती वाजली की इमारतीतले लोक घाबरतात. एक पीटीचे सर, शाळेत कवायत घेतात आणि एरवीही कवायत घेतल्यासारखेच बोलतात. आणि मी, गाद्यांच्या शोरूमची मॅनेजर. बातमी आली त्या दिवशी आम्ही चौघांनी चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या शपथ घेतली की ही पायाभरणी आपण मुळीच पाहायची नाही. डॉक्टर तर म्हणाली, ज्याचा शेवट एवढा सुरेख झाला त्याला सुरुवात कशाला हवी? सरांनी "बहिष्कार!" असं इतक्या जोरात म्हटलं की टपरीवाल्याने आमच्या चहाचे पैसे आधी मागितले.

मग ट्रेलर आला. तो मी पाहिला नाही. (पाहिला, पण आवाज बंद करून.) लिफ्टवाल्यानेही पाहिला नाही, पण त्यातल्या, पहारेकऱ्यांना बुरुजावर ओढून घेणाऱ्या पाळण्याची दोरी चुकीच्या बाजूने कप्पीवरून गेली आहे हे त्याला कसं कळलं ते तो सांगू शकला नाही. सरांना तरुण एकहात्याची तलवार धरायची पद्धत पटली नव्हती. डॉक्टर म्हणाली की तिला पेशंटने दाखवला, तोंडात कापूस असताना. एकूण सगळ्यांचंच बिंग फुटलं आणि नवा ठराव झाला: नीट विरोध करायचा तर आधी नीट पाहायला हवं. पहिला भाग चौघांनी एकत्र बसून पाहायचा, मन घट्ट ठेवायचं आणि कुठे कुठे घाण केली आहे ते जगाला ठणकावून सांगायचं.

प्रश्न जागेचा होता. आमच्या शोरूममध्ये जाहिराती दाखवायला भिंतभर टीव्ही आहे आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद असतं. मी मालकांना सांगितलं की त्या दिवशी चार जणांना बोलावून गाद्यांची चाचणी घ्यायची आहे. (हे खोटं नव्हे. गादीवर तासभर आडवं होऊन माणसाला काय वाटतं, ते कळायलाच हवं.) मालक खूश झाले, फक्त प्लास्टिक काढायचं नाही एवढी अट घातली. काका, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गादीवर बसून तुम्ही कधी काही मन लावून पाहिलं आहे का? श्वास घेतला तरी पापड मोडल्यासारखा आवाज होतो. चार माणसं एकदम दचकली तर दुकानाला आग लागल्यासारखं वाटतं. आणि हुंदका तर गुपचूप देताच येत नाही.

आयत्या वेळी आमच्या शेजारच्या काकू भाचीकडे गेल्या आणि बाबांजवळ थांबायला कुणी उरलं नाही, म्हणून मी त्यांना सोबत घेतलं. ते पेपर घेऊन आले, पाठदुखीसाठीच्या कडक गादीवर टेकले आणि पेपर उघडून त्याच्या आड गेले. मंडळाने त्यांना नमस्कार केला. पेपर किंचित हलला.

भाग सुरू झाला. पहिल्याच दृश्यात तरुण कप्तान दोन्ही हातांनी दोर ओढत वर चढताना दिसला आणि चारही गाद्या एकदम करकरल्या. दोन हात! आम्हाला हे आधीच ठाऊक असायला हवं होतं, हिशेबाने ते बरोबरच होतं, तरी त्या माणसाला दोन हातांनी भाकरीचा तुकडा मोडताना पाहून मी नकळत माझा एक हात पाठीमागे लपवला. लिफ्टवाला पुटपुटला, उजवा की डावा? म्हणजे कुठला जाणार? सरांनी "शांतता!" म्हटलं. मग केस. मूळ मालिकेत एकहात्याच्या डोक्यावर वाळलेल्या गवतासारखे केस. इथे मात्र कपाळावर येणारी, वाऱ्यावर उडणारी झुलपं. डॉक्टरने कपाळाला हात लावला. त्यानंतर आवाज. म्हाताऱ्याचा तो खडबडीत आवाज आपल्या कानात बसलेला, आणि हे पोर बोलतं कसं, तर शाळेच्या स्नेहसंमेलनात आभार मानल्यासारखं. शीर्षकगीत लिफ्टवाल्याला आवडलं, म्हणून त्याने तोंड वाकडं केलं. मला रंग आवडले. जुन्या मालिकेतलं आभाळ सतत राखी असायचं. इथे ते निळं आहे, आणि निळं असण्याचंच वाईट वाटतं, कारण पुढे काय होणार ते आपल्याला माहीत असतं.

आणि मग तो आला. शिट्टीवाला. मूळ मालिकेत आपण त्याला एकदाच, तोही पाठमोरा पाहिला होता. इथे तो समोरून चालत आला, पुढचे दोन दात जरा पुढे, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी कोट, आणि पहिल्याच रात्री एका तापाने फणफणलेल्या पहारेकऱ्याची पाळी स्वतःवर घेऊन बुरुजावर उभा राहिला, थंडीत शिट्टी वाजवत. आम्ही चौघेही गप्प. प्लास्टिकसुद्धा गप्प. अशा माणसाकडे कसं बघावं, ज्याचा शेवट तुम्हाला माहीत आहे आणि त्याला नाही?

भाग संपला आणि भांडण सुरू झालं. सरांच्या मते तलवारी चांगल्या, पण शिस्त नाही. लिफ्टवाल्याच्या मते पाळण्याची रचना बघता पहिल्या आठवड्यातच दोन माणसं दगावली पाहिजेत, पण बाकी उत्तम, पुन्हा लावा. मी म्हटलं, निदान खोटं वाटत नाही. डॉक्टर मात्र उभी राहिली आणि पर्स खांद्याला लावली. ती म्हणाली की जे त्यांनी दाखवलं नव्हतं ते ती इतकी वर्षं मनातल्या मनात पाहत आली आहे. तो दिवस, तो हात, ती शिट्टी, सगळं तिचं स्वतःचं होतं. आता हे लोक येऊन त्यावर रंग फासणार, संगीत घालणार, आणि तिचं पुसून टाकणार. लिफ्टवाला म्हणाला की मग डोळे मीट. ती म्हणाली की मग मंडळातूनच जाते. मूळ मालिका संपली तेव्हा जमलेलं आमचं मंडळ, काका, गाद्यांच्या दुकानात फुटायच्या बेताला आलं. माझा जीव थोडा थोडा झाला, कारण खरं सांगायचं तर गेल्या वर्षी आईच्या दुखण्यात दवाखान्याबाहेर बाकड्यावर माझ्यासोबत बसायला हीच तीन माणसं यायची.

तेवढ्यात कडक गादीवरून आवाज आला.

"त्या शिट्टीवाल्याला रजा कधी मिळणार?"

आम्ही वळून पाहिलं. पेपर घडी करून बाजूला ठेवलेला होता. बाबा टीव्हीकडेच बघत होते, जिथे आता फक्त नावं वर सरकत होती.

"दुसऱ्याची पाळी केली त्याने," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी द्यायला नको? हा बुरुज चालवतं कोण? माझ्या डेपोत असा एक होता. न सांगता दुसऱ्याची ड्यूटी उचलायचा. अशा माणसाला जपावं लागतं, नाहीतर सगळे त्याच्याच गळ्यात मारतात." मग थोडं थांबून, अगदी समाधानाने, "चांगला पोरगा आहे. पुढे हाच कप्तान होणार बघा. तो झुलपंवाला काही कामाचा नाही."

काका, सर छताकडे बघू लागले. लिफ्टवाल्याने बूट घातलेलेच होते, ते काढून पुन्हा घातले. आणि मी? मला काय वाटलं ते सांगता येत नाही. कित्येक महिन्यांत बाबा एका दमात इतकं बोलले नव्हते, आणि जे बोलले ते अशा माणसाबद्दल, जो वाचणार नाही. डॉक्टरने पर्स खाली ठेवली. बाबांच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "हो ना काका, मलाही तसंच वाटतं." मग माझा दंड धरून मला मागच्या गोदामात घेऊन गेली, पाठोपाठ ते दोघे आले, आणि उशांच्या थप्प्यांमध्ये उभं राहून आम्ही दुसरी शपथ घेतली: बाबांना काही कळू द्यायचं नाही. शेवटचा भाग येईपर्यंत, काहीही झालं तरी. शपथ झाल्यावर डॉक्टर म्हणाली, "पुढचा भाग कधी? नाही, मी आपली काकांसाठी विचारते आहे."

तेव्हापासून आमच्या नाकी नऊ आले आहेत. घरातलं पोस्टर (शिट्टी लटकलेली खुंटी, तुम्हीच वाढदिवसाला दिलेलं) मी उतरवून कपाटामागे सारलं. बाबांनी विचारलं तर भिंतीला ओल आली म्हणून सांगितलं, तर ते दोन दिवस भिंत चाचपत होते. मग त्यांना मूळ मालिका पाहायची हुक्की आली. मधल्या दिवसांत वेळ जाईल म्हणाले. सरांनी त्यांना ठणकावून सांगितलं की क्रम मोडणं हा बेशिस्तपणा आहे, आणि बाबा, ज्यांनी आयुष्यभर क्रमच लावला, त्यांना ते पटलं. त्यानंतर त्यांची दाढ दुखायला लागली. डॉक्टरच्या दवाखान्यातल्या बुरुजाच्या पोस्टरवरही ती शिट्टी आहे हे मला बाबांना खुर्चीत बसवल्यावर आठवलं. मी दारातून नुसते डोळे मोठे केले. तिने क्षणात बाबांच्याच दाढेचा एक्स-रे पोस्टरवर नेमका शिट्टीच्या जागी चिकटवला आणि त्यांना सगळा वेळ तिकडेच बघायला सांगितलं. बाबा घरी येऊन म्हणाले, बाई हुशार आहे, पण पेशंटला त्याचीच कीड दाखवून घाबरवते.

खरं संकट तिसऱ्या भागाला आलं. शटर अर्धंच खाली होतं, त्याखालून एक जोडपं वाकून आत आलं. नवीन घर केलं असावं, हातात मोजायची टेप होती. दुकान बंद आहे हे सांगायला मी उठणार तोच ती बाई टीव्हीकडे पाहून चित्कारली, अय्या, पायाभरणी! आणि नवऱ्यासकट मधल्या डबल गादीवर आडवी झाली. आता यांना बाहेर काढायचं तर भाग थांबवावा लागला असता, आणि त्या वेळी शिट्टीवाला पाळण्यात लटकत होता. म्हणून राहू दिलं. पाळणा सुखरूप वर आला, बाबांनी टाळी वाजवली, आणि ती बाई हळहळून नवऱ्याला म्हणाली, "बिचारा! आणि हाच पुढे..."

काका, त्यानंतर काय झालं ते मला नीटसं आठवत नाही. सर कवायतीच्या आवाजात "पुढे चल!" असं ओरडले. लिफ्टवाल्याने तिच्या आणि बाबांच्या मध्ये उडी घेतली, पण प्लास्टिकवरून पाय सटकून तो गादीसकट खाली आला आणि उभ्या करून ठेवलेल्या आणखी दोन गाद्या त्याच्यावर पडल्या. डॉक्टरने तोपर्यंत त्या बाईच्या तोंडावर एक मऊ उशी धरली होती आणि अत्यंत गोड आवाजात तिची वैशिष्ट्यं सांगत होती: मानेला आधार, धुता येते, तोंडाला गार लागते. नवरा बिचारा टेप घेऊन नुसता उभा. मी तिला कोपऱ्यात नेऊन कानात सगळं सांगितलं. तिने एकदा बाबांकडे पाहिलं, तिचे डोळे भरून आले, आणि ती परत येऊन बाबांना म्हणाली, "आजोबा, मला म्हणायचं होतं की हाच पुढे सगळ्यांना भारी पडणार." बाबा म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगतो आहे." ते जोडपं आता दर भागाला येतं. त्यांनी अजून गादी घेतलेली नाही.

आणि बाबा? बाबा सकाळी आंघोळ करताना शीर्षकगीत शिट्टीवर वाजवतात. डेपोत गाड्या सोडताना वाजवायचे तशी, दोन बोटं तोंडात घालून. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी प्रेशर कुकर बंद केला. परवा बाबांनी मला गॅस बारीक न केल्याबद्दल चांगलं झापलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून हसत होते. आई गेल्यापासून मला कुणी झापलं नव्हतं. लिफ्टवाल्याशी ते पाळण्याच्या दोरीवरून तासन्‌तास वाद घालतात. डॉक्टरही विरघळली आहे. तिच्या मनातलं चित्र काही पुसलं गेलेलं नाही, ती म्हणते, फक्त त्याच्या शेजारी आता दुसरं एक लागलं आहे. (केसांबद्दल मात्र तिचं मत बदललेलं नाही.) मी स्वतः आता मालिका बघतच नाही, बाबांकडेच बघते.

सांगायचं एवढंच, की सगळं आमच्या ताब्यात आहे. शेवटच्या भागापर्यंत शिट्टीवाल्याच्या मरणाची झुळूकसुद्धा बाबांच्या कानाला लागणार नाही, असा मी पण केला आहे, आणि तो मी पाळणार. मग मध्ये कुणीही येवो. तब्येतीला जपा, काकूला सांभाळा.

तुमची,
पुतणी

ता. क. मध्ये कुणीही येवो असं वर लिहिलं आहे, ते तुम्हाला उद्देशून आहे. तुम्ही येत्या आठवड्यात येताय हे बाबांनी मंडळाला सांगितलं आणि "धाकट्यालाही दुकानात घेऊन येतो" म्हणाले, तेव्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली, कारण मी त्यांना तुमचा लौकिक सांगून ठेवला आहे. माझ्या हातातल्या रहस्यकथेवर बोट ठेवून "खानसाम्यानेच मारलं" म्हणणारे तुम्ही. मॅचचं पुनःप्रक्षेपण सुरू होण्याआधी "हरतात रे" म्हणणारे तुम्ही. मूळ मालिकेचा शेवट मला आदल्या दिवशी जेवताना कुणी सांगितला, तेही तुम्हीच. (स्वतः पुढचं पाहून ठेवलं होतंत, आणि तरी दुसऱ्या दिवशी गॅलरीत गेलात.) तेव्हा पायांवर डोकं ठेवून विनंती, नव्हे, ताकीद: शिट्टीवाला पडद्यावर आला की "अरेरे" नाही, उसासा नाही, बाबांच्या पाठीवरून हात फिरवणं तर मुळीच नाही. अगदीच राहवलं नाही तर उशी तोंडात कोंबा. आमच्याकडे भरपूर आहेत.

ता. क. २. तुमच्या गुडघ्यासाठी एका गादीचं प्लास्टिक काढायला मालकांनी परवानगी दिली आहे. तेही हल्ली बघायला येतात. काकूलाही आणा, ती विश्वासाची आहे.

ता. क. ३. हे दुसऱ्या दिवशी लिहिते आहे. पाकीट अजून बंद केलेलं नव्हतं, बरं झालं. सकाळी मी आणि बाबा गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. ते एकदम म्हणाले, "धाकट्याला म्हणावं, शिट्टीवाल्याचं माझ्यापासून लपवायची गरज नाही. तो जाणार आहे ना?"

माझ्या हातातलं टोक सुटलं. मी विचारलं, कुणी सांगितलं? ती बाई? लिफ्टवाला?

"कुणी नाही. तो आला की तुम्ही सगळे बोलायचे थांबता. पहिल्याच दिवशी थांबलात." त्यांनी माझं टोक उचलून झटकलं आणि दोरीवर टाकलं. "तुझ्या आईच्या वेळी मी खोलीत आलो की तू आणि धाकटा असेच थांबायचात. डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. मला त्याआधीच कळलं होतं."

मी एवढंच म्हटलं की बाबा, मग तुम्ही त्याच्यात इतका जीव कशाला लावलात?

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ड्यूटी बदलून मागणाऱ्या कंडक्टरकडे पाहत असतील. "मग काय करू? जाणार म्हणून आत्तापासून बघायचं सोडू? आत्ता आहे ना तो." मग चिमटे लावत लावत म्हणाले, "आणि हे त्या डॉक्टरबाईला सांगू नकोस. फार मेहनत घेते बिचारी. बाकीच्यांनाही नको सांगू. मजा येते त्यांना."

काका, मी आत जाऊन पाणी प्यायले आणि मग हे लिहायला बसले.

ता. क. ४. तर आता वरच्या सगळ्या सूचना तशाच ठेवा, फक्त उलट्या बाजूने पाळा. बाबांना काही माहीत नाही असं आपण दाखवायचं आहे, म्हणजे गुपित आता बाबांपासून नव्हे, मंडळापासून लपवायचं आहे. शेवटच्या भागाला तुम्हाला इथे यावंच लागेल, गुडघा असो वा नसो. मी तुमच्यासाठी लिफ्टवाल्याला सांगून आमच्या इमारतीची लिफ्टसुद्धा सुरू करून घेते आहे. बाबा आरशासमोर धक्का बसल्याचा चेहरा करायचा सराव करत आहेत. तो त्यांना अजिबात जमत नाही; दाढ ठणकल्यासारखा होतो, आणि दाढेचं डॉक्टरला लगेच ओळखू येईल. तेव्हा तो प्रसंग आला की तुम्ही त्या दोघांच्या मध्ये बसायचं. या कामासाठी तुमच्याएवढा रुंद माणूस आमच्याकडे दुसरा नाही.